शॉकअपमधलं खोबरेल

माझा मोठा भाऊ जहाजावर सेकंड इंजिनियर होता. वर्षाचा बराचसा भाग समुद्रात आणि उरलेला आचऱ्याला घरी. तो घरी असला की घरात दोनच जातीची माणसं उरायची, बोलणारा दादा आणि ऐकणारे आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि आई. मी कोल्हापूरला मामाकडे राहून बी.एस्सी. केलं होतं आणि गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होते. दादाच्या लेखी ते शिक्षण म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा वेळ घालवायचा उद्योग होता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो जपानहून आला तो एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका घेऊन. खोक्यावर वाळूवरून उडी मारणाऱ्या गाडीचं चित्र होतं. उघडी चाकं, मागच्या टायरांना काटे, मागे एक लांब तार.

"ही बग्गी," दादाने जाहीर केलं. "रेडिओवर चलता. शर्यतीची आसा, पोरांची नाय."

आईने खोक्याच्या मागे वाकून पाहिलं. "बग्गी हाडलस ती बरी, पण घोडो खंय?"

गाडी सुटी होती. सगळे भाग पिशव्यांत, आणि सोबत जपानी भाषेतलं जाडसर पुस्तक. अक्षर कळत नसलं तरी चित्रं इतकी स्वच्छ होती की माझ्या आठवीच्या वर्गानेही गाडी जोडली असती. दादाने पुस्तक बाजूला सारलं. "माझ्या हाताखाली घराएवढा इंजिन आसता. ह्या खेळण्याक पुस्तक कित्याक व्हया?" संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली आणि शेजारी मूठभर स्क्रू, तीन वायसर आणि एक बेअरिंग उरलं. "कंपनी जास्तीचेच देता," तो म्हणाला. मी ते उचलून कॉफीच्या डब्यात टाकले. बेअरिंग जास्तीचं देणारी कंपनी मी तोपर्यंत पाहिली नव्हती, त्यानंतरही पाहिली नाही.

मग त्याने चार्जर भिंतीच्या प्लगात खुपसला. चार्जरवर शंभर व्होल्ट असं ठळक छापलेलं होतं, आणि ते काही जपानी अक्षरांत नव्हतं. आमच्या घरात दोनशेतीस यायचे, यायचे तेव्हा. चार्जरने आधी गुणगुण केली, मग धूर सोडला. दादाने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "जपानी माल पण आता पयलेसारखो रवलो नाय."

ह्या माणसाच्या भरवशावर एक अख्खं जहाज पॅसिफिक ओलांडतं, हा विचार मनात आला की मला त्या जहाजावरच्या बाकीच्या लोकांची काळजी वाटायची.

गाडी माझ्याकडे आली ती अशी, की बॅटरी चार्ज करायची कशी हे दादाला सुचेना आणि मला सुचलं. ट्रकची जुनी बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये इंडिकेटरचा बल्ब, आणि पुढे गाडीची बॅटरी. बल्ब हवा तेवढाच करंट जाऊ देतो. बॅटरी हाताला कोमट लागली की काढायची. दादाने ते पाहिलं आणि "हां, तसाच करूक व्हया होता," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना तो ती युक्ती आपली म्हणून समजावत होता.

मग मी गाडी पूर्ण सुटी केली. मला गाडीचं प्रेम वगैरे नव्हतं, चुकीचं जोडलेलं यंत्र माझ्याच्याने बघवत नाही इतकंच. शाळेतून आले की पडवीत जुनं धोतर पसरायचं, पुस्तकातली चित्रं समोर ठेवायची आणि एकेक पान पुढे जायचं. उरलेलं बेअरिंग मागच्या डाव्या चाकातलं निघालं. दादाने दोन्ही पुढची चाकं आत वळलेली ठेवली होती, कोंबडी चालावी तशी. मोटरचा लहान दातेरी गियर मोठ्या गियरवर इतका दाबून बसवला होता की हाताने चाक फिरवलं तर दात कुरकुरायचे. त्याला उपाय अगदी साधा. दोन गियरांच्या मध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. कागदाच्या जाडीएवढी फट राहते, ती पुरते. फट जास्त झाली तर दात झिजतात, कमी झाली तर मोटर तापते.

हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. रेडिओचं संदेश घेणारं खोकं वाळूपासून वाचवायला ते फुग्यात घालून तोंड रबराने बांधायचं, असं चित्रात होतं. सोबतचा फुगा दादाने कधीच फोडला होता. मी देवळाच्या जत्रेतून फुगे आणले. गियरच्या डब्याच्या सांध्याला व्हॅसलिन फासलं. चारही शॉकअपमधलं मूळचं तेल दादाने जोडतानाच सांडून टाकलं होतं. ह्या बारक्या शॉकअपमध्ये पिस्टनला भोकं असतात आणि त्यांतून तेल सावकाश सरकतं, म्हणून गाडी खड्ड्यावरून गेल्यावर उड्या मारत राहत नाही. तेल पातळ हवं की दाट, हे जमिनीवर ठरतं. मी आईच्या शिलाईमशीनच्या तेलात स्कूटरचं इंजिनऑइल थेंबाथेंबाने मिसळत गेले. गाडी गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडायची आणि बघायची. एका संध्याकाळी ती पडली, दबली आणि एकदाच वर येऊन स्वस्थ उभी राहिली. मी ती आणखी चार वेळा सोडली, काही गरज नसताना.

आणि हे सगळं दादा रोज उधळून टाकायचा. सकाळी तो गाडी घेऊन किनाऱ्यावर जायचा, मागे गावातली रिकामी माणसं. लाटेच्या कडेने, फेसातून, गाडी भिरभिरवायची, कारण पाणी उडालं की लोक ओरडतात. परत येऊन ती खारी, ओली, वाळूने भरलेली गाडी पडवीत आपटायची आणि विहिरीवर अंघोळीला जायचं. "साफ करून ठेव गो. उद्या सकाळी व्हयी." खाऱ्या पाण्याने बेअरिंगला एका रात्रीत गंज धरतो. समुद्रावर नोकरी करणाऱ्याला मी ते सांगायचं? सांगितलं. तो म्हणाला, "जहाज बारा महिने खाऱ्या पाण्यात आसता. तेका काय जाला?" मी गाडी गोड्या पाण्याने पुसली, रॉकेलमध्ये दात घासायचा ब्रश बुडवून प्रत्येक बेअरिंग घासलं, वाळवलं, तेलाचा एकेक थेंब सोडला.

डिसेंबरात दादा वेंगुर्ल्याला एका लग्नाला गेला आणि तिथे त्याला त्याच्यासारखाच दुसरा भेटला. हा शिरोड्याचा, दुबईत कंत्राटं घेणारा, तिशीतला, अविवाहित, आणि त्याच्याकडेही अशीच गाडी. जेवणाच्या पंगतीत दोघांनी एकमेकांना आपापल्या गाडीचा वेग सांगितला. एकाने सांगितलेला दुसऱ्याने वाढवला. श्रीखंड वाढेपर्यंत आचऱ्याच्या किनाऱ्यावर शर्यत ठरली होती. ओहोटीला वाळू कडक असते आणि त्या आठवड्यात ओहोटी पहाटेनंतर होती, म्हणून वेळ सकाळची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी दादाने गाडी अंगणात उन्हात ठेवली आणि संध्याकाळी अंगणाच्या पायरीवरून उडवून पाहिली. त्याला ती मऊ वाटली. त्याने मला विचारलं, "आत काय घातलस?"

"शिलाईमशीनचा तेल आणि इंजिनऑइल."

"शिलाईमशीनचा तेल? शर्यतीच्या गाडयेक? लोक हसतले माका."

मी सांगितलं, उन्हात तापून तेल पातळ झालंय, सकाळी बरोबर होईल. त्याने गाडी उचलून पडवीत नेऊन ठेवली. मी समजले, पटलं. शाळेच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी थंडी बऱ्यापैकी होती. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य अजून माडांच्या मागे होता. नारळाची सोडणं मांडून वाट आखली होती, मध्ये वाळूचा उंचवटा केला होता उडी मारायला. निम्मा गाव जमला होता. बँकेचे मॅनेजर पंच म्हणून शिट्टी घेऊन उभे होते, कारण गावात पँटला इस्त्री असलेले तेच एक होते.

मी गाडी खोक्यातून काढून वाळूवर ठेवली आणि सवयीने वरून दाबली. ती दबली नाही. पुन्हा दाबली. दगडाच्या पाट्यावर हात ठेवावा तशी. मी एका शॉकअपचं टोपण सैल केलं, आणि जो वास आला तो घरी रोज सकाळी आईच्या केसांना येतो. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं.

घाण्याचं खोबरेल! संध्याकाळच्या उबेत ते छान दाट तेल होतं. थंडीत आमच्या भागात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही, हे चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. दादाला चूल माहीत नव्हती. त्याला डोक्याला तेल लागायचं ते आईने कोमट करून दिलेलं.

मी त्याला बाजूला नेलं. "दादा, तेल थिजला. शॉकअप हलनत नाय. अर्धो तास थांबया, उन्हात ठेवया, सुटतले."

"तू गप रव. हयसर लोक आसत."

"अशीच सोडलस तर उलटतली..."

"तुका सांगितलंय मा? गप रव." आणि लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "बायलमाणसाक शर्यतीची भीती वाटता!" लोक हसले. दादाही हसला.

मी होडीच्या आडोशाला जाऊन बसले, हत्यारांचा डबा मांडीवर घेऊन. राग आला होता का? थोडा. पण खरं सांगायचं तर मनात आलं ते एवढंच, की ह्या माणसावर माझं दोन महिन्यांचं काम वाया गेलं.

तेवढ्यात शिरोडेकर आला. गॉगल, पांढरे बूट, हातात गाडी. तो गावच्या माणसांशी मुद्दाम शुद्ध बोलायचा. "अहो, तुम्ही बघता असं ऐकलं. जरा आवाज येतोय हिचा. तिकडे दुबईत येत नव्हता."

मी चाक फिरवून पाहिलं. तेच, गियर दाबून बसवलेले. मोटर आधीच गरम होती. वेंगुर्ल्याच्या मेकॅनिककडून मोटर आवळून आणली होती म्हणे. मी भजी बांधून आणलेल्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, दोन स्क्रू सैल केले, पट्टी घातली, मोटर दाबली, स्क्रू आवळले, पट्टी ओढून काढली. आवाज गेला. गाडी मोकळी, गुळगुळीत फिरायला लागली. त्याने "थँक्यू" म्हटलं आणि निघून गेला. मी काय केलं हे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. तो सगळा वेळ गर्दीकडे बघत होता.

मॅनेजरांनी शिट्टी वाजवली.

दादाची गाडी सुटली ती बेडकासारखी. लाटांनी वाळूवर पाडलेल्या बारक्या वळ्यांवर तिची चारही चाकं थडथड उडत होती, एका वेळी दोनपेक्षा जास्त चाकं जमिनीला लागत नव्हती. उंचवट्यावरून ती उडाली, नाकावर पडली आणि उलटली. दादा धावत जाऊन ती सरळ करायचा, परत येऊन रिमोट उचलायचा, पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तोपर्यंत सूर्य माडांच्या वर आला. एका बाजूचे दोन शॉकअप आधी सुटले, दुसऱ्या बाजूचे तसेच राहिले. शेवटच्या फेरीत ती गाडी एका बाजूला दबून लंगडत, वळण्याऐवजी फेंगडत, मॅनेजरांच्या पायांत शिरली. लोकांनी इतकी धमाल आधी पाहिली नव्हती. शिरोडेकर केव्हाच जिंकून सिगारेट ओढत होता.

मॅनेजरांनी विज्ञानाच्या झेपेवर भाषण केलं आणि त्याला स्टीलची कळशी दिली. त्याने उत्तर दिलं. म्हणाला, गाडी कोणतीही असो, सगळा खेळ मनगटाचा असतो. दादाने मान डोलावली. हरलेल्याला आणि जिंकलेल्याला मनगटाबद्दल एकमत व्हायला काहीच अडचण आली नाही.

घरी आल्यावर मात्र दादाने आईसमोर तांडव केलं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. "हिना त्याची गाडी दुरुस्त करून दिल्यान! माझ्या सख्ख्या बहिणीन!"

आई म्हणाली, "आणि तुझी?"

"माझी..."

आई तोपर्यंत फडताळातली बाटली हातात घेऊन उभी होती. बाटली निम्मी झाली होती. "ह्या माझा डोक्याचा तेल तू गाडयेक घातलस?"

दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तो आठवडा घरात शांततेचा गेला. मी शॉकअप खोलून, गरम पाण्यात धुऊन, पुन्हा माझं तेल भरलं.

जानेवारीत शिरोड्याहून निरोप आला. मुलगी बघायला येतोय. आईने घर सारवून घेतलं. दादा एकदम बोलायला लागला. "माणूस बरो आसा गो. मोठ्या मनाचो." हाच माणूस आठ दिवसांपूर्वी त्याच्या तोंडी चोर होता.

तो त्याच्या आईला घेऊन जीपमधून आला. आणि काखेत खोका. मी पोहे घेऊन बाहेर आले तर चौरंगावर बग्गी. त्याच्या आईने मला विचारलं, माशांचं तिखलं जमतं का. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ते होईल हो. तिकडे बाई ठेवू स्वयंपाकाला." हे बोलून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला राज्य दिलं.

मग म्हणाला, "माझ्याकडे तिकडे अजून दोन गाड्या आहेत. एक तर पेट्रोलवर चालते. तुम्हाला काम कमी पडणार नाही."

"आत्तापर्यंत कोण बघायचं?" मी विचारलं.

"एक फिलिपिनो होता आमच्या साइटवर. हात चांगला होता. गेला परत."

"शॉकअपमध्ये तेल कुठलं घालायचा तो?"

"तेल?" त्याने गाडीकडे पाहिलं, मग दादाकडे. "आत तेल असतं?"

दादा घाईघाईने म्हणाला, "आसता, आसता. दाट व्हया."

मी पोह्यांची थाळी ठेवली आणि गाडी उचलून घेतली. एक मागचं चाक धरून दुसरं फिरवलं तर दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल सैल पडलेलं, वळणावर सगळी ताकद एकाच चाकाला जात असणार. शॉकअप कोरडे ठणठणीत. "ही ठेवून जा," मी म्हटलं. त्याचा चेहरा खुलला. त्याच्या आईचाही. माझ्या आईने देवाकडे बघून हात जोडले. त्यांना सगळ्यांना तो होकार वाटला.

ते गेल्यावर मी दादाला आणि आईला सांगितलं, मी हे लग्न करणार नाही.

"दुबईक जाशीत!" दादा ओरडला. "कित्याक नाय?"

"तेका बायको नको. मेकॅनिक व्हयो."

"मगे काय झाला?" दादा खरोखरच गोंधळला होता. "तुका येता मा?"

त्या दिवशी मला कळलं की तो मूर्ख आहे म्हणून असा नाही. त्याला ते दिसतच नव्हतं. जहाजावर खालच्या डेकवर कोणी घाम गाळायचा आणि वर हा सही करायचा, ही जगाची रीत त्याला भरती-ओहोटीसारखी वाटत होती. मूर्ख माणसाची कीव तरी करता येते.

आई रडली. "इतको चांगलो चलून इल्लो," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिला दुबई म्हणजे विहिरीवर पाणी ओढायला न लागणं एवढंच दिसत होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी शिरोडेकराची गाडी नीट केली. डिफरन्शियल उघडून पुसलं आणि पुन्हा बसवलं, शॉकअप भरले, तारेचा एक सैल झालेला जोड झाळला. इतकं नीट काम मी दादाच्या गाडीवरही केलं नव्हतं. गाडीचा काय दोष? जीपचा ड्रायव्हर आला तेव्हा खोका त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "गाडी झाली म्हणून सांग. दुसऱ्या गजालीक नाय म्हणून सांग." ड्रायव्हरने दोनदा विचारून खात्री करून घेतली. नंतर ऐकलं, शिरोडेकर आधी दुखावला आणि मग गाडी चालवून पाहून म्हणाला, बाईचं डोकं फिरलंय पण हात सोन्याचा आहे. ह्या स्तुतीने मला आनंद व्हावा अशी सांगणाऱ्याची अपेक्षा होती.

फेब्रुवारीत दादा जहाजावर गेला. बग्गी घरीच राहिली. एका रविवारी मी ती किनाऱ्यावर नेली आणि चालवून पाहिली. मला बिलकूल जमत नव्हतं. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं आणि मी ती दोनदा होडीवर आदळली. थोड्या वेळाने मला कंटाळा आला. ह्या असल्या गोष्टीवर दोन बाप्ये माणसं लग्नाच्या पंगतीत भांडली होती. घरी येऊन मी ती खोलून साफ केली, ते मात्र दोन तास मजेत गेले.

पुढच्या खेपेला दादा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. खांद्यावर घ्यायचा, मोठा, काळा. बग्गीचं नावही त्याने काढलं नाही. पंधरवडाभर त्याने लाटा, होड्या, देवळाचा कळस आणि स्वतःला शूट केलं. मग एका संध्याकाळी मी ओसरीवर नववीचे पेपर तपासत बसले होते, तो आला आणि कॅमेरा पेपरांवर ठेवला. आत काहीतरी करकरत होतं.

"बघ गो जरा," तो म्हणाला. "टेप फिरणा नाय."

मी कॅमेरा उचलून हलवला, कानाशी धरला, आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"वाळू गेली आसा," मी म्हटलं. "साफ करूक व्हयी."

"मगे कर."

"तू कर. पुस्तक खोक्यात आसतला."

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा दुरुस्तीला घेऊन एसटीने मुंबईला गेला. माझ्या गठ्ठ्यात तेव्हा एका मुलाने लिहिलं होतं की घर्षणामुळे माणसाची प्रगती होते. मी त्याला अर्धा मार्क दिला.